विहीणबाईंचा कोट

मास्तरांना परदेशात येऊन आठवडा होत आला होता आणि तेवढ्यात त्यांना तिथली तीन वाक्यं बोलता यायला लागली होती. नमस्कार, आभारी आहे आणि माफ करा. लेकीने विमानतळावरून घरी आणतानाच गाडीत ती घोकून घेतली होती. "एवढ्यावर माणूस इथं सहज महिना काढतो, बाबा," असं तिचं म्हणणं. मास्तरांनी पहिली दोन जपून वापरली, तिसरं मात्र सढळ हाताने. लिफ्टमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला, माफ करा. दुकानात वाट अडवली, माफ करा. चुकीच्या मजल्यावर उतरून भलत्याच दाराची बेल वाजवली आणि आतून टॉवेल गुंडाळलेला गृहस्थ ओलाचिंब बाहेर आला, तेव्हा तर दोनदा. फोनवर बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी एकदा म्हणाला नाहीत, तिथं बरी जीभ वळते." तिचे गुडघे धरलेले, म्हणून ती आली नव्हती. पण फोनवरून तिचा पहारा चालू होता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. उभा जन्म मशिनीवर गेला. दुकान छोटं, पण त्यात नियम कडक, आणि त्यातला एक मोडला म्हणून त्यांनी चांगल्या हाताचे कारागीर घरी बसवले होते. शिवलेल्या कपड्याला ब्लेड लावायचं असेल तर आधी गिऱ्हाइकाला समोर उभं करायचं. जिथून उसवायचं त्या शिवणीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "इथून उसवतोय, चालेल?" गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत बोट उचलायचं नाही. आणि उसवलेला दोरा जमिनीवर टाकायचा नाही, मशिनीच्या चाकात जातो. तो बोटाला गुंडाळायचा, गोळी करायची आणि खिशात टाकायची. मास्तरांच्या बायकोने धुण्याआधी सदऱ्याच्या खिशातून असल्या गोळ्या किती काढल्या असतील त्याची गणतीच नाही.

लेकीचं घरातलं नाव गुंडी. रांगत होती तेव्हा दुकानात सापडेल ती गुंडी तोंडात घालायची, तेच नाव चिकटलं. आता गुंडी इथल्या एका इस्पितळात रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला होती आणि तिने इथल्याच मुलाशी लग्न केलं होतं. लग्न झालं ते एका ऑफिसात, सह्या करून. मास्तरांनी ते फोनवर पाहिलं आणि जावयाच्या कोटाची बाही लांब झाली आहे एवढंच त्यांना बोलायला सुचलं. घरात तिसरी व्यक्ती म्हणजे जावयाची आई, मास्तरांच्या विहीणबाई. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. उंच, हाडापेरानं मोठ्या, आणि केस पांढरेशुभ्र.

आता आपल्याकडे विहिणीशी बोलायचं म्हणजे भाषा येत असूनही माणसाला घाम फुटतो. इथं तर भाषाच नाही. गुंडीने पहिल्याच दिवशी वडलांना खोलीत नेऊन बजावलं होतं, "बाबा, त्यांनी मला पहिलं वर्षभर नुसतं सोसलं. परकी पोर, बोलणं धड नाही, यांचं काही खाता येत नाही. आता आता कुठं जमायला लागलंय. मागच्या महिन्यात त्यांनी मला पहिल्यांदा स्वतःहून जवळ घेतलं. तुम्ही फक्त गोड राहा. काही करू नका."

काही करू नका, हे मास्तरांना सांगणं म्हणजे माशाला पोहू नको म्हणण्यासारखं. गुंडी आणि जावई सकाळी कामाला गेले की घरात दोन म्हातारी माणसं उरत. विहीणबाई स्वयंपाकघरात, मास्तर दिवाणखान्यात, आणि मधे घड्याळ. दोन दिवस त्यांनी खिडकीतून रस्ता बघितला. तिसऱ्या दिवशी पिशवीतून सुया, अंगुस्तान आणि दोऱ्याची रिळं काढली आणि जावयाच्या सदऱ्यांची सैल बटणं पक्की केली. मग पडदा जमिनीवर लोळत होता, तो दुमडून शिवला. विहीणबाईंनी पडद्याची कड निरखून पाहिली आणि अंगठा वर केला. जावयाने संध्याकाळी येऊन पाठ थोपटली. झालं, मास्तरांना मूठभर मांस चढलं. बायकोने फोनवर सावध केलं, "पडदे ठीक आहेत. कुणाच्या अंगावरच्या कपड्याला हात लावू नका." मास्तर म्हणाले, "मला शिकव तू."

आणि मग तो कोट.

दाराजवळच्या खुंटीवर तो लटकलेला असायचा. पुरुषी, काळपट राखाडी, लोकरीचा, भारी कापडाचा. कधीकाळी कुणीतरी जाणत्या हाताने शिवलेला. विहीणबाई खाली भाजी आणायला जाताना तोच घालायच्या, खांदे उतरायचे, बाह्या बोटांपर्यंत यायच्या. कोट नवऱ्याचा हे मास्तरांना न सांगता कळलं होतं. जाण्याआधी त्या नेहमी उजवा हात आत घालून अस्तराशी काहीतरी चाचपायच्या. चावी बघत असतील, मास्तरांना वाटायचं.

एकदा वाऱ्याने कोट उलगडला आणि मास्तरांना आतलं अस्तर दिसलं. खालची कड कधीतरी फाटलेली आणि कुणीतरी ती शिवलेली. शिवलेली म्हणजे काय, गोणपाट शिवावा तशी. राखाडी अस्तराला पोपटी हिरवा जाड दोरा. एक टाका बोटभर, दुसरा मुंगीएवढा, तिसरा भलतीकडेच. दोरा ओढून ओढून कापडाला चुण्या पडलेल्या. एवढ्या चांगल्या कोटाची ही दशा, आणि बिचारी बाई रोज अंगावर घालून चारचौघांत जाते. मास्तरांनी मान वळवली. पण दाताच्या फटीत काही अडकलं की जीभ तिथंच जाते ना, तसं त्यांचं झालं. जेवताना हिरवा दोरा, झोपताना हिरवा दोरा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांनी कोट खुंटीवरून काढला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. विहीणबाई गाजरं सोलत होत्या. मास्तरांनी कोट उंच धरला आणि दुसऱ्या हाताने हवेत सुई चालवून दाखवली.

इथं एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर पुढं मास्तरांची बाजू घ्यायचा मोह होईल. त्यांनी अस्तर उलटून दाखवलं नाही. हिरव्या टाक्यांवर बोट ठेवलं नाही. एवढी वर्षं ज्या नियमासाठी त्यांनी माणसं घालवली तो नियम त्यांना त्या क्षणी आठवत होता, चांगला आठवत होता. पण बोट ठेवलं असतं तर बाई नको म्हणाल्या असत्या, अशी कुठंतरी धाकधूक होती. म्हणून त्यांनी नुसती हवेत सुई चालवली.

विहीणबाईंनी आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं, मग त्यांच्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्याकडे. खिडकी उघडी होती, गार वारा येत होता. त्या काहीतरी हळहळून बोलल्या, हात पुसले, मास्तरांच्या हातातून कोट घेतला आणि त्यांच्या खांद्यांवर चढवला. हनुवटीखालचं वरचं बटण लावलं. लहान मुलाचं लावावं तसं, जरा कॉलर सारखी करून. मग खांद्यावर थोपटलं, खिडकी लावली आणि पुन्हा गाजराला बसल्या.

मास्तर तसेच उभे राहिले. बाईंना वाटलंय की आपल्याला थंडी वाजतेय, हे त्यांना स्वच्छ कळलं. त्यात भाषेचा काही प्रश्नच नव्हता. नवऱ्याचा कोट बाईने आपल्या अंगावर घातला, हेही कळलं. पण हात शिवशिवत होते. मनातल्या मनात त्यांनी वकिली सुरू केली. विचारलं की नाही? विचारलं. कोट दिला की नाही? दिला. मग आता काय स्टँपपेपरवर लिहून घ्यायचं?

खोलीत जाऊन त्यांनी दार लोटलं आणि ब्लेड काढलं.

काम मात्र देखणं झालं, त्यात वाद नाही. हिरवे टाके एकेक करून उसवले, दोरा बोटाला गुंडाळला. फाटकी कड कातरून सरळ केली, आत दुमडली आणि कापडाच्या रंगाच्या दोऱ्याने अशी तुरपाई घातली की भिंग लावून शोधावी. चुण्या इस्त्रीने बसवल्या. कोट पुन्हा खुंटीवर टांगून मास्तर पेपर वाचत बसले. पेपर इथल्या भाषेतला होता, पण कौतुकाची वाट बघताना हातात काहीतरी लागतंच.

चार वाजता विहीणबाई बाहेर जायला निघाल्या. कोट घातला. सवयीप्रमाणे उजवा हात आत गेला, अस्तरावरून फिरला आणि थांबला. पुन्हा फिरला. त्यांनी कोट काढला, उलटा केला, खिडकीपाशी नेला. मास्तर पेपराआडून बघत होते आणि मिशीत हसत होते. विहीणबाई कोट मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या. कितीतरी वेळ बसल्या. मग उठून आपल्या खोलीत गेल्या. भाजी आणायचं राहूनच गेलं. आनंदाने बाईंना सुचेनासं झालं असेल, असं मास्तरांना वाटलं. खरंच वाटलं, का त्यांनी वाटून घेतलं, कोण जाणे.

संध्याकाळी गुंडी आली. विहीणबाई तिच्याशी हळू आवाजात बोलल्या. गुंडीचा चेहरा उतरत गेला.

"बाबा, कोटाच्या अस्तराचं काय केलंत?"

"नीट केलं. बघितलंस का कसं शिवलेलं होतं? कुठल्या गाढवाने..."

"सासऱ्यांनी शिवलं होतं ते," गुंडी म्हणाली. "शेवटच्या महिन्यात. अंथरुणावरून उठवत नव्हतं, हात थरथरायचे. यांनी म्हटलं मी शिवते, तर ऐकेनात. मी गेल्यावर तुला थंडीत हाच घालायचाय, म्हणून मीच शिवणार, म्हणाले. एक अख्खी दुपार लागली त्यांना. घरात दोरा होता तो हिरवा. रोज बाहेर जाताना त्या टाक्यांवरून हात फिरवून जातात त्या. मला तर एवढंच विचारायचंय, की न विचारता कसा हात लावलात तुम्ही?"

मास्तरांच्या कानशिलातून वाफा निघाल्या. आणि त्या घटकेला तोंडातून जे निघालं ते त्यांनी ठरवून काढलं नव्हतं, पण निघालं.

"विचारलं होतं की. कोट दाखवून, खुणा करून विचारलं. हो म्हणाल्या त्या. मान हलवून हो म्हणाल्या."

गुंडीने एकदम सुटकेचा श्वास टाकला. "खरंच?"

"मग? मी काय विचारल्याशिवाय ब्लेड लावणारा माणूस आहे का?"

हे वाक्य मात्र नको होतं. कारण गुंडी दुकानातच वाढली होती. बोट ठेवून विचारणारा बाप तिने शेकडो वेळा बघितला होता. तिने लगेच विहीणबाईंकडे वळून भराभर सांगायला सुरुवात केली, बापाची बाजू घेऊन, हातवारे करून, जरा आवाज चढवूनसुद्धा. तेवढ्यात जावई आला, त्यालाही तिने तेच सांगितलं. विहीणबाई ऐकत होत्या. त्यांच्या कपाळावर आठी आली, त्या छताकडे बघून काहीतरी आठवू लागल्या. मास्तरांना दिसत होतं त्यांचं आठवणं. गाजरं आठवत असतील, खिडकी आठवत असेल, बटण आठवत असेल. आणि त्यात मान हलवलेली सापडत नसेल.

मग त्या उठल्या, मास्तरांच्या समोर आल्या, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि एक वाक्य बोलल्या. ते मास्तरांना कळलं. आठवडाभर त्यांनी ते लिफ्टमध्ये, दुकानात, रस्त्यात वाटेल तिथे वापरलं होतं. माफ करा.

मास्तरांनी मान खाली घातली. माणूस नम्र आहे असं सगळ्यांना वाटलं.

जेवताना जावई आईशी हळुवार बोलत होता, आणि आई ताटलीत बघत होती. गुंडीने मास्तरांना मराठीत सांगितलं, "तो म्हणतोय, आईला डॉक्टरांना दाखवू या. हल्ली विसरते. मागं एकदा गॅस चालू राहिला होता, चावी आत राहून दार लागलं होतं. आता हे. म्हणतोय, दुपारी हो म्हणाली आणि संध्याकाळी विसरली, म्हणजे वाढलंय. काही दिवस एकटीने बाहेर जाऊ नकोस असंही सांगतोय." मास्तरांचा घास तोंडात फिरत राहिला. गिळायला पाणी प्यावं लागलं.

सकाळी बायकोचा फोन आला. मास्तरांनी सगळं सांगितलं, फक्त मधला तुकडा गाळून. बायको म्हणाली, "बोट ठेवून विचारलंत?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अहो, आवाज येतोय का? टाक्यावर बोट ठेवून विचारलंत का?"

"रेंज जातेय," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला. चष्म्यासाठी सदऱ्याच्या खिशात हात घातला तर बोटांना काहीतरी लागलं. हिरव्या दोऱ्याची गोळी. सवयीने खिशात टाकलेली.

खोलीतून बाहेर आले तेव्हा विहीणबाई स्वयंपाकघरात गॅसच्या बटणांपाशी उभ्या होत्या. एकेक बटण बोटाने दाबून बघितलं, दारापर्यंत आल्या, परत गेल्या, पुन्हा दाबून बघितलं. मग चावी हातात घेऊन तिच्याकडे बघत राहिल्या, जणू चावी काही सांगणार आहे. मास्तरांना ते बघवेना. त्यांना स्वतःची किळस आली.

गुंडी दाराशी बूट घालत होती. मास्तर तिच्याजवळ खाली बसले.

"गुंडे, ऐक. मी खोटं बोललो काल. त्या हो म्हणाल्या नव्हत्या. मला थंडी वाजते असं समजून त्यांनी कोट मला घातला, बटण लावलं. मला तेव्हाच कळलं होतं. सांग त्यांना."

गुंडीचा एक बूट पायात, एक हातात.

"काल मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, माझे बाबा असं कधी करणार नाहीत," ती म्हणाली. "नवऱ्यासमोर म्हटलं. आणि आज मीच सांगू, की करतात? तुम्ही जाल हो विमानात बसून. मला इथं राहायचंय, बाबा."

"अगं, पण त्यांना वेडं ठरवतायत..."

"मला ठाऊक आहे काय ठरवतायत. संध्याकाळी बघू." तिचे डोळे भरले होते. दुसरा बूट तिने लिफ्टमध्येच घातला असावा, कारण तशीच लंगडत बाहेर पडली.

लेक आपल्यावर चिडली याचं मास्तरांना काही वाटलं नाही. ती आपल्यामुळे लाजली, हे मात्र लागलं. लहानपणी शाळेत ठिगळाचा फ्रॉक घालून जायची तेव्हासुद्धा ही पोर बापामुळे लाजली नव्हती.

संध्याकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. जावई दवाखान्यात फोन करणार होता. मास्तरांनी खुंटीवरून कोट घेतला आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, कालच्याच जागी. घसा खाकरला. विहीणबाईंनी वळून पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली. आता आणखी काय विसरले, अशी.

मास्तरांनी जाऊन खिडकी उघडली. परत दारात आले. कोट उंच धरला आणि हवेत सुई चालवली. मग कोट स्वतःच्या खांद्यावर टाकला, विहीणबाईंकडे बोट दाखवलं आणि वरचं बटण लावून दाखवलं. हुडहुडी भरल्याची नक्कल केली आणि जोरात मान हलवली: नाही, मला थंडी वाजत नव्हती. सत्तरीला टेकलेला माणूस परक्या बाईच्या स्वयंपाकघरात असा एकटाच नाटक करत होता. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मास्तरच पोट धरून हसले असते.

विहीणबाई सोलायची सुरी खाली ठेवून बघत होत्या.

मग मास्तरांनी कोट टेबलावर पसरला, अस्तर वर केलं. आपल्या देखण्या शिवणीवर बोट ठेवलं आणि विहीणबाईंकडे बघितलं, प्रश्न विचारावा तसं. बोट तिथंच ठेवून दुसऱ्या हाताने स्वतःच्या छातीवर थोपटलं आणि मान हलवली: असं मी विचारलं नाही. दोनदा केलं, कारण हे चुकून चालणार नव्हतं. शेवटी खिशातून ती हिरवी गोळी काढून कोटावर ठेवली.

विहीणबाईंनी गोळी ओळखली. उचलली नाही. त्या मास्तरांकडे बघत होत्या, आणि मग हळूच त्यांनी आपल्या कपाळाला बोट लावलं आणि भुवया वर केल्या. म्हणजे माझं डोकं ठीक आहे?

मास्तरांनी मान हलवली, हो, हो. मग आपलं बोट त्यांच्या कपाळाच्या दिशेने नेऊन परत स्वतःच्या छातीला लावलं: चूक माझी. आणि म्हणाले, माफ करा. आठवडाभर जिभेवर नाचणारे ते शब्द आज काही केल्या नीट उच्चारता येईनात. 

बाई अंग सैल सोडून खुर्चीत बसल्या आणि तोंडावर हात घेतला. रडल्या असतील, हसल्या असतील, मास्तरांनी बघितलं नाही. मग त्या उठल्या आणि फोन लावला. मुलाशी बोलल्या, खणखणीत आवाजात, एकदाही मास्तरांकडे न बघता. फोन ठेवला, कोट उचलला, हिरवी गोळी मुठीत घेतली, खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. दार आपटलं नाही, पण कडी घातल्याचा आवाज आला.

मास्तर तिथंच बसून राहिले. जेवायची वेळ टळून गेली. मधे गुंडीचा फोन आला. "नवऱ्याला कळलंय," एवढं म्हणून ती थांबली. मास्तर म्हणाले, "बरं झालं." ती म्हणाली, "हो." आणि पुढं काय बोलावं हे दोघांनाही सुचलं नाही, एका भाषेतली माणसं असून.

बऱ्याच वेळाने कडी निघाली. विहीणबाई बाहेर आल्या, हातात कोट, सुईचा डबा आणि एक रीळ. रीळ हिरव्या दोऱ्याचं होतं, तेच, उरलेलं. त्या मास्तरांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. चेहऱ्यावर राग होता, तो त्यांनी लपवला नाही. कोट टेबलावर पसरला. अस्तर वर केलं. डब्यातून ब्लेड काढून बाजूला ठेवलं.

आणि मग त्यांनी मास्तरांच्या शिवणीवर बोट ठेवलं. बोट तिथंच ठेवून त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि थांबल्या.

मास्तरांना आधी उमगेना. मग उमगलं, आणि वाटलं, या बाईने दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी परवडलं असतं. कोट तिचा, नवरा तिचा, घर तिचं. शिवणीचा तेवढा दोरा मास्तरांचा. आणि तो उसवायच्या आधी ती विचारत होती. बोट उचलत नव्हती.

मास्तरांनी मान हलवली. हो.

तेव्हा कुठं त्यांनी ब्लेड घेतलं. पसरट, अडाणी हाताने त्यांनी ती तुरपाई चार बोटं उसवली, कापडाला एक ओरखडाही पडला. हिरवी गोळी आत सरकवली, पार कोपऱ्यापर्यंत. मग रिळातला दोरा तोडला आणि सुईत ओवू लागल्या. ओवेना. म्हाताऱ्या डोळ्यांना सुईचं भोक सापडत नव्हतं. मास्तरांचा हात आपोआप पुढं गेला, आणि अर्ध्यातून त्यांनी तो मागे घेतला, मांडीखाली दाबला. विहीणबाईंनी आणखी दोन वेळा प्रयत्न केला. मग सुई-दोरा त्यांच्यापुढं धरला. मास्तरांनी सुई ओवली, गाठ मारली आणि परत दिली.

त्या शिवू लागल्या. पहिला टाका बोटभर पडला. दुसरा भलतीकडे गेला, दोरा जास्त ओढला गेला आणि कापडाला चुणी पडली. मास्तर बसून प्रत्येक टाका बघत होते.